घरभराची एकच आठवण

जावई पेशाने दंतवैद्य. सासरे लिफ्ट तपासणारे, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी भाषणासाठी एआय मदतनीस हाताशी धरला होता आणि त्याला रोज सकाळी नव्याने आपली ओळख करून देत होते.

"काल घसा कोरडा केला, आज पुन्हा पाटी कोरी!" सासरे कावले. "निरोपाच्या भाषणासाठी याला सगळी नोकरी परत सांगत बसू? जावईबापू, काही इलाज?"

"आठवण ठेवणारा सर्व्हर जोडावा लागेल, बाबा. आपण बोललेलं तो साठवतो आणि लागेल तेवढं मदतनीसापुढे ठेवतो."

"दात उपटणाऱ्याला जमेल?"

टोमणा जिव्हारी लागला. या घरात जावयाने ठोकलेला एकमेव खिळा भिंतीतून पलीकडे निघाला होता. निदान सर्व्हर तरी नीट बसायला हवा होता.

रविवारी त्याने चपलांच्या कपाटावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो चढवायला घेतला. कमांड टाइप केली, एरर आली. ती घालवली, तर दुसरी आली. जेवणं झाली तरी तो तिथेच. शेवटी एकदाचा सर्व्हर सुरू झाला. प्रत्येकाचं वेगळं खातं करा, असं सूचनांमध्ये लिहिलं होतं. पण सासूबाई पासवर्ड विसरणार आणि बायको सगळ्यांचे बदलणार. नसती कटकट नको म्हणून त्याने घरभराला एकच खातं करून दिलं.

मदतनीसाला आता सासऱ्यांची एकेक लिफ्ट आठवू लागली. सासरे खूश. सासूबाईंनी घोरण्यावर उपाय विचारले, सातवा महिना लागलेल्या बायकोने सुजलेल्या पायांवर. जावयानेही एकदा दार लोटून घेऊन काहीतरी विचारलं.

निरोपाच्या दिवशी सासऱ्यांनी भाषण छापून खिशात घातलं. आधी वाचलं की भाषण शिळं होतं, असं त्यांचं ठाम मत.

"मित्रांनो," त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "आयुष्यभर तुम्हाला सुखरूप वर नेलं. आता सातवा महिना लागल्यापासून पाय सुजतात."

पहिल्या रांगेत सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"नवरा रात्रभर घोरतो," सासरे वाचतच राहिले. तपासणी अर्धवट सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "पण मनातली खरी सल वेगळीच आहे. सासऱ्यांचं मन मोडू नये म्हणून मी बुद्धिबळात मुद्दाम हरतो."

कागद खाली आला. चष्म्यावरून नजर थेट जावयावर. लोक हसून हसून लोळायचे बाकी होते, आणि जावयाला वाटलं, आपल्या खुर्चीखाली आत्ता एक लिफ्ट असती तर बरं झालं असतं.

घरी येताच सासऱ्यांनी पट मांडला.

"आधी तुमचं-माझं वेगळं करा. मग बघतो तुमच्याकडे."

जावयाने मुकाट्याने मदतनीसाला सांगितलं, माझ्या आणि बाबांच्या आठवणी वेगळ्या कर. पडद्यावर उत्तर उमटलं. जावयाने ते मोठ्याने वाचलं.

"'अवश्य. फक्त एक शंका. बुद्धिबळात मुद्दाम हरणारे आपण, की जावई हिरमुसू नये म्हणून मुद्दाम उशिरा जिंकणारे आपण?'"

सासऱ्यांना एकाएकी खोकल्याची उबळ आली.

"बाबा?"

"मोहरे लावा," सासरे म्हणाले. "आज कुणी कुणाची गय करायची नाही."

दोघेही बाह्या सरसावून बसले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच डाव खराखुरा चालला होता. थोड्याच वेळात जावयाने भरपूर विचार करून आपला वजीर सासऱ्यांच्या हत्तीपुढे नेऊन ठेवला.

सासऱ्यांनीही भरपूर विचार केला, आणि एक प्यादं पुढे सरकवलं.