साखर सोडलेल्या घरातली काकवी

मी एक जुनी काकवी आहे. मित्रांनो, माझ्यात शुद्धता, सात्त्विकता आणि वाडवडिलांचं शहाणपण भरलेलं आहे. उरलेल्या जागेत साखर आहे. उरलेली जागा बरीच आहे.

माझा जन्म जुन्नरकडच्या एका गुऱ्हाळावर झाला. उसाचा रस काहिलीत उकळतात, वर आलेली मळी काढून टाकतात आणि रस दाटला की गूळ होण्याआधी थोडा काढून घेतात. ती मी. आणखी थोडा वेळ चुलाणावर राहिले असते तर माझी ढेप झाली असती आणि लोकांनी माझ्याकडे निदान संशयाने पाहिलं असतं. पातळ राहिले, बाटलीत गेले, म्हणून औषधाचा मान मिळाला.

गोकुळने मला एसटीने तळेघरला आपल्या आईसाठी आणलं. त्याच्या आईला, चिमाबाईला मधुमेह होता. गोड बंद करा, नाहीतर पायावर बेतेल, अशी तंबी डॉक्टरांनी दिली होती. तळेघरात पाय गेला की सगळंच गेलं. भाताची खाचरं उतारावर, पाणी उताराखाली आणि बसचा भरवसा बसलाही नाही. चिमाबाई घाबरली. तिने साखरेचा भरलेला डबा शेजारच्या मंगलला देऊन टाकला.

"आई, हे नॅचरल हाय," गोकुळ म्हणाला. "केमिकल नाय. लोह हाय ह्यात."

"मंग चालंल," म्हणत चिमाबाईने मला चहात ओतलं. दूध फाटलं. मित्रांनो, हा मी दिलेला पहिला इशारा होता. चिमाबाईने दूध बंद केलं.

मग मी कोऱ्या चहात गेले, नाचणीच्या भाकरीवर गेले. साखर घेताना तिचा हात आखडायचा. माझ्या बाबतीत तो सैल सुटला. औषधाला कोण हात आखडतो?

"काकू, ही तर साखरंपक्षा ग्वाड लागती," मंगल एकदा म्हणाली.

"लागू दे की. उसाची हाय ती."

"आन साखर कशाची असती?"

"तुला डबा दिला ना? खा गुमान."

माझी बाटली संपली की गोकुळ नवी आणायचा. चिमाबाई मला देवाजवळ ठेवायची. मला बरं वाटायचं. इतका मान गुळालाही नव्हता.

लावणीच्या वेळी चिखलात तिच्या पायाच्या अंगठ्याला दगड लागला. जखम भरेना. पुढे अंगठा काळा पडू लागला, तेव्हा गोकुळने तिला जुन्नरच्या दवाखान्यात नेलं. तिने पिशवीत मलाही घेतलं.

"गोड खाता?" डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघत विचारलं.

"साखरंचा दाणा घरात नाय. इचारा पोराला."

गोकुळने आईची शपथ घेतली. शपथ खरी होती. डॉक्टर पुन्हा रिपोर्टात शिरले. तेवढ्यात चिमाबाईने मला टेबलावर ठेवलं.

"तुमच्यासाठी आणलीया. तुमीबी साखर सोडा, डॉक्टर. मला लई गुण आला."

डॉक्टरांनी झाकण उघडून वास घेतला. "रोज किती?"

"भाकरीला लागंल तेवढी."

"आजी, ही साखरच आहे. पातळ केलेली."

"पर नॅचरल हाय ना," गोकुळ पुटपुटला.

"रक्ताला ते कळत नाही."

चिमाबाई आपल्या पायाकडे बघत राहिली. "मंग मी साखर सोडली ती कशाला?"

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली. अंगठा काढावा लागला, शेजारचं बोटही. मला त्यांनी झाकण लावून परत पाठवलं.

आता चिमाबाई दारात बसते. लोक खाचराकडे निघाले की ती त्यांच्या पायांकडे बघते. मला कुणी हात लावत नाही. माझ्या झाकणाभोवती मुंग्या आहेत. त्यांना नॅचरलशी काही देणंघेणं नाही, गोडाशी आहे.

मित्रांनो, मला फेकून देऊ नका. धडधाकट माणसाने सणासुदीला बोटभर चाटावी, इतकीच माझी लायकी आहे. पण आजाऱ्याच्या औषधांशेजारी मला ठेवू नका, आणि माझी स्तुती ऐकून कुणाचा पाय पणाला लावू नका. घरच्या माणसाची माया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग पिशवी भरा.

गोकुळला फार वाईट वाटलं. काल त्याने आईसाठी रानातला अस्सल मध आणला.