शेळीच्या तोंडचं अंगाईगीत

आधी कुंड्या गेल्या. आमच्या बरबँकच्या अॅनिमेशन स्टुडिओत प्रत्येक जिन्यापाशी हिरवीगार झाडं असायची. ती भाड्याची होती, हे ती उचलून नेल्यावर कळलं. मग कॉफीचं यंत्र गेलं. मग माणसं. वरच्या मजल्यावर तेव्हा नव्या साहेबांच्या दालनाची धडधाकट भिंत पाडून काचेची बसवत होते, आणि त्या हातोड्यांच्या आवाजात आम्ही खाली एकमेकांचा निरोप घेत होतो.

अर्पिने तेर्झियान माझ्या शेजारच्या खोलीत बसायची. सिनेमा हलायला लागण्याआधी तो चित्रा-चित्रांनी काढून दाखवणं हे तिचं काम. मी संकलक, ती चित्रं सलग जोडून त्यांचा सिनेमा होतोय का ते बघायचं, हे माझं. पण चित्रांना बोलायला कुणीतरी लागतं, आणि नट-नट्या फार उशिरा येतात. तोवर आमच्यातलंच कुणीतरी, आवाज घुमू नये म्हणून, कोटांच्या कपाटात शिरतं आणि माइक तोंडाशी धरून बोलतं. त्याला आम्ही कच्चा आवाज म्हणतो. खरा आवाज आला की कच्चा पुसायचा, अशी रीत आहे.

आमच्या नव्या सिनेमातल्या म्हाताऱ्या शेळीचा कच्चा आवाज अर्पिनेचा होता. एका प्रसंगात करडू वादळाला भितं. संहितेत एवढंच लिहिलं होतं: शेळी गाते. काय गाते, ते लिहायला सगळे विसरले होते. अर्पिने कपाटात गेली, आणि दाराच्या फटीतून आवाज आला:

नीज रे बाळा, दगड निजले,
ओढ्याचे ओठ थंडीनं थिजले,
उद्याची भाकर उद्या बघू,
तुझ्या वाटणीचं जागीन मी.

ती बाहेर आली. मी विचारलं, "कुणाचं गं हे?"

"आईचं. तिकडे मायदेशी, येरेवानला दिवे नसायचे त्या हिवाळ्यांत तिनं रचलं, आम्हाला निजवायला. नटी येईपर्यंत राहू दे."

नटी आलीच नाही. खर्चात पहिली कात्री तिला लागली. "आवाज आहे ना एक? मग झालं," असं बैठकीत ठरलं. अॅनिमेटरांनी अर्पिनेच्याच आवाजावर शेळीचं तोंड हलवलं. 'जागीन' म्हणण्याआधी अर्पिने श्वास घेते आणि खालचा ओठ किंचित दातांखाली जातो. तोही शेळीच्या थोबाडावर जसाच्या तसा उतरला.

मग कपात आमच्या मजल्यावर आली. अर्पिनेला संगणकावरच्या बैठकीत काढलं, सगळ्यांचे माइक बंद ठेवून, म्हणजे कुणी उलट विचारायला नको. डोळ्यांवर पाणी मारायला ती बाहेर गेली, तर परत येताना तिचं ओळखपत्र दाराला चालेना. मी आतून दार उघडलं.

"इडा जान," ती म्हणाली, "माझा डबा फ्रिजमध्ये आहे. तू खा. यांना ठेवू नकोस."

तिच्याबरोबर आवाजांच्या करारांचं बघणारी बाई गेली. ते बघून दिग्दर्शक स्वतःहून गेला. शेळीचा आवाज अजून कच्चाच आहे, त्यावर कुणाची सही नाही, हे माहीत असलेलं माणूस आता मी एकटी. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगायला गेले नाही.

सिनेमाची जाहिरात लागली आणि गाणं लोकांच्या तोंडी बसलं. तेव्हा वकिलांना जाग आली. काचेच्या भिंतीमागचे किप रँडल जिना उतरून माझ्या खोलीत आले.

"शेळी कोण आहे? तिची सही कुठेच सापडत नाही."

"अर्पिने. तुम्ही काढलंत तिला."

"मी कुणालाही काढलेलं नाही, इडा. आम्ही जागा कमी केल्या."

"मग जागेची सही घ्या."

त्यांना हसू आलं नाही. गाणं कुणाचं तेही त्यांनी विचारून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी कागद माझ्यापुढे सरकवला. अर्पिनेनं आवाजाचा हक्क द्यायचा आणि तिच्या आईनं गाण्याचा. बदल्यात सिनेमा पुरा होईपर्यंत अर्पिनेला पुन्हा काम, कंपनीच्या आरोग्यविम्यासकट. "तुझी मैत्रीण आहे," ते म्हणाले. "तुझं ऐकेल."

मी गेले, कारण विमा बंद झाला की अर्पिनेच्या आईची हृदयाची औषधं परवडणार नव्हती. हे अर्पिनेनं मला सांगितलं होतं. साहेबांना कुणी सांगितलं, देव जाणे.

ग्लेंडेलच्या त्यांच्या स्वयंपाकघरात अर्पिनेच्या आईनं, सिरानूशबाईंनी, माझ्यापुढे कॉफी ठेवली आणि जर्दाळूंची बशी ढकलली. "खा पोरी. कंपनीनं उपाशी ठेवलेली दिसतेस."

अर्पिनेनं कागद वाचायला घेतला. "सर्व जगात, संपूर्ण विश्वात, कायमचं."

"विश्वात?" सिरानूशबाई म्हणाल्या. "चंद्रावर कुणाची पोरं रडतायत?"

"मायरिग," अर्पिने आईला म्हणाली, "गंमत नाही. काम मिळतंय. तुझ्या औषधांची सोय होईल."

"मग कर सही. मीही करते. पेन आण." त्यांनी चष्मा लावला. "एक गाणंच आहे. तुझ्यापेक्षा मोठं आहे का?"

अर्पिने पुढे वाचत राहिली, आणि एका ओळीवर तिचं बोट थांबलं. "आणि खेळणी. कापडी शेळी. पोट दाबलं की गाणार."

"कोण गाणार?"

"मी. तू. तुझं गाणं."

सिरानूशबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला नाही. "तुझा भाऊ त्या हिवाळ्यात थंडीनं निळा पडला होता," त्या म्हणाल्या. "पहाटेपर्यंत मी त्याला छातीशी धरून गात होते. थांबले तर जाईल असं वाटायचं. माझं पोट कुणी दाबलं नव्हतं." मग लेकीकडे बघून म्हणाल्या, "तरी तू म्हणशील ते. औषधं मला लागतात, मी कशाला खोटं बोलू?"

अर्पिने बराच वेळ कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवत होती. मी तिला कर म्हटलं नाही, करू नकोसही म्हटलं नाही. शेवटी तिनं कागदाची घडी करून माझ्या हातात दिली.

"सांग त्यांना, पुसून टाका. कच्चा होता ना? रीत आहे. औषधांसाठी मी बेकरीत उभी राहीन."

किपसाहेब ऐकून म्हणाले, "भावनेच्या भरात आहे. यंत्राकडून तिच्या आवाजाची नक्कल करून घेऊ." वकिलांनी ते उधळून लावलं, नीतीसाठी नव्हे, खटल्याच्या भीतीनं. मग कंपनीनं नवं गाणं लिहवून घेतलं आणि एक गायिका बोलावली. तिचा स्टुडिओ, तिची गाडी, गीतकार, संगीतकार, या सगळ्याला पैसे होते. तेव्हा कपातीचं नावही कुणी काढलं नाही.

अर्पिनेचा आवाज मी माझ्या हातानं काढला. शब्द काढले, शब्दांमधले श्वास काढले, तिच्या बाहीला घासलेल्या कोटांची सळसळसुद्धा काढली. यांच्याकडे तिचं काही राहायला नको होतं. पण शेळीचं तोंड बदलायला आता अॅनिमेटर उरले नव्हते. त्यांच्याही 'जागा' कमी झाल्या होत्या.

गायिका फ्लोरेन्स बेकविथ, पिकल्या केसांची, मृदू बोलणारी बाई. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, जिथे पडद्यावरचा प्रसंग मी चालवत होते, तिनं हेडफोन लावले, पडद्याकडे बघत गायला लागली, आणि शेवटच्या ओळीशी अडखळली. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच. मग ती गायचीच थांबली आणि पडद्याजवळ गेली.

"ही इथे ओठ चावते," ती म्हणाली. "माझ्या गाण्यात इथे ओठ चावण्यासारखं काही नाही. कोण गायलंय हे आधी?"

"अर्पिने तेर्झियान," मी म्हणाले. "ग्लेंडेलला राहते."

"जिवंत आहे?"

"हो."

"मग मला कशाला बोलावलंत?"

त्या खोलीच्या काचेपलीकडे किपसाहेबांनी बोलायचं बटण दाबलं. "फ्लोरेन्स, छान चाललंय. तो ओठ सोडून द्या, कुणाच्या लक्षात येत नाही. आणखी एकदा घेऊ."

ती माझ्याकडे बघत होती. मी प्रसंग मागे नेला, आणि शेळीनं पुन्हा तोंड उघडलं.