मर्यादा न घातलेली परवानगी

मी परवानगी दिल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस आला आणि आमच्या हॉलची पूर्वेकडची भिंत काढून घेऊन गेला. भिंतीमागं शेजाऱ्यांचं घर नव्हतं. तिथं दुसरी भिंत होती, चार फूट अलीकडे, म्हणजे आमच्याच हॉलात.

माणूस नीटनेटका होता. इस्त्रीचा शर्ट, बूट दाराबाहेर काढलेले.

"तगारे साहेब, परवानगी तुमचीच आहे ना?" त्यानं मोबाइल पुढं केला.

माझीच होती. माझ्या फोनमधल्या वॉलेटमध्ये आमची क्रिप्टो होती. आमची म्हणजे माझ्या बायकोची, शैलजाची. मिरजेच्या एका इस्पितळात तीस वर्षं नर्स म्हणून राबून तिनं जे साठवलं, ते मी तिला पटवून तिथं ठेवलं होतं. रविवारी मेसेज आला: तुमचं वॉलेट धोक्यात आहे, सुरक्षित करण्यासाठी परवानगी द्या. मी घाबरलो. खालची बारीक अक्षरं वाचायला चष्मा लागला असता, आणि चष्मा आतल्या खोलीत होता. मी 'हो' दाबलं.

"क्रिप्टो तर नेलीत ना?" मी विचारलं.

"ती रविवारीच. पण काय आणि किती न्यायचं, याला तुम्ही मर्यादा घातलेली नाही. म्हणून पुढचं नेतोय."

शैलजा दुपारी पाळी संपवून आली. आत पाऊल टाकताच तिचा गुडघा सोफ्यावर आपटला.

"सोफा कुणी ओढला?"

"कुणी नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वयंपाकघराची लांबी नेली. तिसऱ्या दिवशी छताची उंची. पंखा कपाळाशी आला, म्हणून आम्ही तो बंद ठेवला. शैलजा कोपरं अंगाशी घट्ट धरून पोळ्या लाटू लागली. चौथ्या दिवशी तिनं लाटणं खाली ठेवलं.

"अहो, काय करून बसलात?"

मी सांगितलं. तिनं हात धुतले, पुसले आणि माझा फोन मागितला.

"दिलेली परवानगी मागं घेता येते. आमच्या वॉर्डातल्या एकीनं घेतली होती."

त्या सकाळी त्यानं घराची रुंदीही नेली होती; आता बसायला जागा फक्त उंबऱ्यात होती. तिथं बसून तिनं शोधलं. मी आजवर दिलेल्या सगळ्या परवानग्यांची यादी निघाली. अकरा होत्या. आठ मला आठवतही नव्हत्या.

"ही कसली?"

"फुकट नाणी मिळणार होती."

"आणि ही?"

"तीही तशीच."

प्रत्येक परवानगी रद्द करायला थोडं शुल्क होतं. ते तिनं आपल्या पगारातून भरलं आणि एकेक करून अकराही काढून टाकल्या. शेवटची निघाली तेव्हा घर थोडं करकरलं आणि थांबलं. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी तो माणूस वेळेवर आला. या वेळी त्यानं बूट काढले नाहीत.

"रद्द केलीत. चांगलं केलंत."

"मग भिंती परत आणा," मी म्हणालो.

"रद्द म्हणजे इथून पुढं. मागचं तुमच्या संमतीनं गेलंय." त्यानं शैलजाला नमस्कार केला. "ताई, तुम्ही आधी बघायला हवं होतं."

तो गेला. शैलजानं दार लोटलं. मग माझ्याकडे न वळता तिनं विचारलं, "मला का नाही विचारलंत?"

"तू ड्यूटीवर होतीस."

"फोन होता की माझ्याजवळ."

उत्तर असतं तरी तिथं ते मावलं नसतं. घर आता एका माणसाच्या खांद्यांएवढं रुंद होतं आणि आम्ही दोघं होतो. तिनं बॅगेत दोन साड्या आणि इस्पितळाचा गणवेश भरला.

"बहिणीकडे जाते. तिथं निदान हातपाय पसरता येतात."

ती आडवी होऊन दारातून बाहेर पडली. तिच्या जागी दोन्ही भिंती हळूच आत आल्या. मी विरोध केला नाही. जिन्यात तिच्या चपला वाजत होत्या, तेवढ्यात दारात एक तरुण बाई उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर काळजी.

"काका, तुमच्याबाबतीत फार वाईट झालं. गेलेलं सगळं परत मिळवून देणारा आमचा विभाग आहे. भिंती, छत, ताईंची क्रिप्टो, सगळं. फक्त इथं एकदा 'हो' म्हणा."

तिनं फोन आत धरला. पडद्यावर बारीक अक्षरं होती.

जिन्यातल्या चपला थांबल्या. "अहो," शैलजा खालून ओरडली, "कोण आहे? हात लावू नका कशाला!"

मला हात मागं घ्यायचा होता. पाठीमागं भिंत होती. डावीकडे भिंत होती, उजवीकडेही होती. वर छत डोक्याला टेकलं होतं. हात हलवायला एकच दिशा उरली होती, आणि तिकडे फोन होता.