आवाजाची दुसरी तपासणी

सुलक्षणाने दगडूच्या केसांत भांग पाडला, बोटाने चिकट मलम लावले आणि तिसरी वायर टाळूवर दाबून धरली. मलम गार होते. गेल्या खेपेस तो मोठ्याने हसला होता. "घरी तेलबी कुणी एवढ्या मायेनं लावत नाय," म्हणाला होता. आज त्याने नुसते डोळे मिटले.

खरे तर ही तपासणी आता कुणालाच नको होती. माणसाचा स्वभाव आणि आवाज ऐकून त्याच्या मेंदूत उठणारे तरंग यांचा काही संबंध असतो का, हे शोधणारे डॉक्टर जानेवारीतच आपल्या देशात परतले होते. शारजातल्या या खासगी कॉलेजाने प्रकल्प गुंडाळला होता. यंत्रे गुरुवारी खोक्यांत जाणार होती आणि सुलक्षणाची नोकरीही त्याच दिवशी संपणार होती. पण सप्टेंबरात दिलेल्या चिठ्ठीवर आजची तारीख होती. ती चिठ्ठी घेऊन दगडू दुबईतल्या सोनापूरच्या कामगार कॅम्पातून दोन बस बदलून आला होता. तो इमारतींच्या पायासाठी जमिनीत खांब ठोकणारे पायलिंगचे यंत्र चालवायचा. त्याच्या साइटवरचे काम नोव्हेंबरपासून बंद होते. त्याला परत पाठवायला तिचे तोंड उघडले नाही.

तिने प्रश्नांचा कागद पुढे ओढला.

"चार माणसांत रमायला आवडतं?"

"लई आवडतं."

"बारीकसारीक गोष्टींची काळजी लागून राहते?"

"नाय. आपला स्वभावच नाय तसला."

चाळीस प्रश्न, आणि चाळीसही उत्तरे सप्टेंबरातलीच. तिने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि यंत्र सुरू केले. एकाच पट्टीतला आवाज, थोड्या थोड्या वेळाने, दोनशे वेळा.

सप्टेंबरात दहाव्या-बाराव्या आवाजापासूनच पडद्यावरची त्याच्या तरंगांची रेघ निवत गेली होती. डॉक्टर खूश झाले होते. मोकळ्या स्वभावाच्या माणसांचे बहुतेक असेच होत असावे, असा त्यांचा अंदाज होता. निरुपद्रवी आवाजाची दखल घेणे मेंदू लवकर सोडून देतो. आज प्रत्येक आवाजाला रेघ उसळत होती. पन्नासाव्याला उसळली, तशीच दीडशेव्यालाही. सुलक्षणाने यंत्र थांबवले, एक वायर बदलली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. पुन्हा तेच. दगडू मात्र हात मांडीवर ठेवून शांत बसला होता.

तिने हेडफोन काढले.

"झालं?" त्याने विचारले.

"झालं, दगडूभाऊ."

"गेल्या टायमासारखंच आलं ना?"

ती कापूस शोधू लागली. "का हो?"

"परवाचं विमान हाय. कंपनीनं तिकीट हातात दिलं, खलास." त्याने मोबाइल बाहेर काढला. "पण घरची म्हणती, फोनवर बोलतोय तो तुम्ही नव्हंच. पोरगीला फोन दिला तर ती बी बोलंना. घरची म्हणती, कोण येणार हाय घरला, तेच कळंना झालंय. मी म्हटलं, माझी मशीनवर तपासणी झालेली हाय, परत करून घेतो. ताईच सांगतील तुला."

सुलक्षणा काही बोलायच्या आत त्याने नंबर लावलाही होता. "सुजाता नाव तिचं," असे म्हणत त्याने मोबाइल तिच्या हातात दिला.

"सुजाताताई, मी शारजाहून बोलतेय, सुलक्षणा. दगडूभाऊंची तपासणी मी केली आत्ता."

"बोला की." पलीकडे भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

"अगदी पहिल्यासारखीच आली. काही फरक नाही." आपण फार भरभर बोलतोय असे तिला वाटले, म्हणून तिने पुन्हा सावकाश सांगितले, "सहा महिन्यांपूर्वी होते, तसेच आहेत ते."

पलीकडे पुन्हा एक भांडे वाजले.

"ताई, तुमी बी तिथंच ऱ्हाता का?"

"हो."

"किती वर्सं झाली?"

"सात."

"आता परत येणार का तिथंच ऱ्हाणार?"

दुबईतल्या करामा भागातल्या भाड्याच्या घराची चावी पुढच्या महिन्यात परत करायची होती, त्याच्या पुढचे सुलक्षणाला काहीच ठाऊक नव्हते.

"बघू," ती म्हणाली. "इन्शाल्ला."

"तुमचा बी आवाज त्यांच्यावाणीच येतोय वो, ताई," सुजाता म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मग फोन बंद झाला.

दगडू तिच्या तोंडाकडे बघत होता. वायरी अजून त्याच्या डोक्यालाच होत्या.

"काय म्हणाली?"

"वाट बघतेय म्हणाली."

त्याने मान हलवली. तिच्या हातातून मोबाइल घेतला, खिशात ठेवला. मग शेजारची खुर्ची पायाने जराशी पुढे सरकवली.

"बसा जरा, ताई," तो म्हणाला.

ती बसली.