अवघड वाट

माय म्हणली, "उद्या पहिल्या गाडीनं जायचं. धार बघायची मला."

मी हातातला घास ताटात ठेवला. "माय, वाट लय अवघड हाय. तुला किती बार सांगितलं."

"वर्ष झालं तेच ऐकायलेय. भंतेजी आले, वंदना झाली, जेवण झालं. पर माझा पंडित जिथं गेला ती जागा मी बघितली न्हाई."

बाबा भिंतीला टेकून गुडघ्याला तेल चोळायलेते. ते म्हणले, "ने रे सूर्या तिला. जमंल तिथवर जाईल. न्हाई जमलं तर बसंल दगडावर. मलाच येता येईना, काय करावं."

मी ताट बाजूला सारलं.

खरं सांगतो. वाट अवघड न्हाई. लेकराचं बोट धरून नेता येईल अशी हाय. आमच्या ताडकळसात हे मला एकट्याला मालूम होतं.

पंडित माझा थोरला भाऊ. येलदरी धरणाच्या कॅम्पात हंगामी कामाला होता. शहात्तरच्या भादव्यात मी त्याच्याकडं गेलो. ऐतवारची सुट्टी होती. म्हणला, चल, तुला धार दाखवतो, उंचावरून पाणी पडतं ती. रानातून गेलो. आधी एक लहान धार लागते, पुढं मोठी. मोठीच्या खाली शेवाळावरून त्याचा पाय सरकला. मांडी मोडली. हाड बाहेर आलं. मी माझा सदरा गुंडाळला, पर रगत थांबंना. तो म्हणला, "सूर्या, माणसं आण. पळ."

मी पळलो. कॅम्पावर गेलो, आपली माणसं गोळा केली, बाज घेतली, परत आलो. साडेतीन तास गेले. पंडित थंड पडला होता.

घरी सांगितलं, कडा चढावा लागतो, मधात एक माणूस न्हाई. बाबा म्हणले, "तू तरी काय करशील लेकरा."

पर मधात एक घर होतं. धारेपासून पाव तासावर. मेंढरंवाल्याचं. मी त्या घराच्या कुडापाशी थांबलो होतो. आत बाज दिसली. माणसांचा आवाज आला. कुत्रं भुकायलं. आणि मी हाक मारली न्हाई. पुढं पळालो.

हे घर मायला दिसू नये, एवढंच मला पाहिजे होतं. आणि वाट तर त्याच घरावरून जाते.

जिंतूरहून येलदरीच्या गाडीत बसलो, फाट्यावर उतरलो. ऊन न्हाई, पाऊस न्हाई, आभाळ नुसतं भरून राहिलेलं. मायच्या पिशवीत मेणबत्त्या, अगरबत्ती, तगरीची फुलं. लुगड्याचा काष्टा तिनं घट्ट खोचला. कडा चढायच्या तयारीनं आली होती बिचारी.

सागाच्या झाडीतून गाडीवाट जाते. सपाट. मधात एक ओढा, घोट्याएवढं पाणी. माय पुढं, मी मागं.

अर्धा तास झाला. मायनं वळून बघितलं. "अवघड कुठून लागतंय?"

"पुढं."

"बरं."

एक बाई डोक्यावर काटक्यांचा भारा घेऊन समोरून आली. कडंवर लेकरू. आमच्याकडं बघून हसली आणि निघून गेली. माय तिच्या पाठीकडं बघत राहिली.

"सूर्या, अवघड आलं न्हाई का अजून?"

"पुढं हाय माय. जरा दम घे. आपण इथंच मेणबत्ती लावू. लहान धार हीच. बघ, पाणी कसं पडायलंय."

"पंडित इथं मेला का?"

"न्हाई."

"मंग चल."

मी म्हणलो, "कडंनं जाऊ, झाडीतून. जवळ पडतंय." माय वाटेनंच चालली. तिला वाट दिसायली होती ना.

कुत्रं तेच होतं. तसंच भुकलं. कुडाच्या आतून एका बाईनं हाक दिली, "कोण हाय? पाणी प्या की बाई, लांबून आलाव वाटतं."

माय थांबली. त्या बाईचं नाव कासाबाई. तिचा नवरा ग्यानबा बाजंवर बसून लोकरीचा दोर वळायलेता. कासाबाई तांब्या घेऊन कुडापाशी आली, आणि वरून धार धरली. मायनं ओंजळ केली. आमी कोण ते तिनं इचारलं न्हाई, पर धार वरूनच धरली.

"धारला चाललाव का?" ग्यानबा म्हणला. "खाली उतरू नका बरं. मागल्या साली एक पोरगं मेलं तिथं. जवान होतं म्हणे."

मायची ओंजळ तशीच राहिली. "तुमी कुठं होता तवा?"

"मी? इथंच की. मेंढरं कातरायलो होतो. चार गडी होते, ही बाज होती. आमाला संध्याकाळी कळलं बगा. कुणी हाक तरी मारावी! दुपारी कुत्रं लय भुकलं. मी म्हणलं लांडगा असंल."

"धार किती लांब हाय इथून?"

"ही काय. ऐकू येईना का?"

ऐकू येत होती. पाण्याचा आवाज सारखा येत होता. मायनं माझ्याकडं बघितलं. लय येळ न्हाई. एकदाच.

मंग ती ग्यानबाला म्हणली, "तो माझा लेक होता. आमी बौद्ध हाव. तुमी उचललं असतं का त्याला?"

कासाबाईनं तांब्या छातीशी धरला. ग्यानबानं हातातला दोर खाली ठेवला, परत उचलला.

"मरत्या माणसाला कोण इचारतं बाई," तो म्हणला. पर एवढं म्हणायला त्याला येळ लागला.

आमी पुढं निघालो. मोठी धार आली. वाटेला ना कडा, ना चढ. मायनं इचारलं, "कोणता दगड?" मी दाखवला. तिनं फुलं ठेवली. मेणबत्ती लावली, तुषारानं इझली. परत लावली, परत इझली. तिसऱ्यांदा तिनं पदराचा आडोसा केला आणि तसंच बसून त्रिशरण म्हणलं. आवाज पाण्यात बुडून गेला, ओठ तेवढे हललेले दिसले.

मंग म्हणली, "कुडापाशी थांबलास?"

"थांबलो."

"मंग?"

"मला वाटलं येणार न्हाईत. हाकलून देतील, त्यात येळ जाईल. आपल्या माणसांकडंच जावं."

"वाटलं."

"हां."

ती पाण्याकडं बघायली. मी वाट बघत होतो, आता बोलंल, शिव्या देईल, चपलीनं मारंल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मामाच्या गावी तुला मारलं होतं मी. ध्यानात हाय का?" ती म्हणली.

ध्यानात होतं. नऊ वर्षांचा असंन. तहान लागली म्हणून एका अंगणात शिरलो होतो. ती घरवाली हात उचलायच्या आत मायनंच मला धरून मारलं होतं. तोंड सुजंपर्यंत. इचारल्याबिगर कुणाच्या कुडाच्या आत जायचं न्हाई, मेलास तरी जायचं न्हाई, असं म्हणत म्हणत मारलं होतं.

"हाय," मी म्हणलो.

मायनं पदर झटकला. मेणबत्ती इझली. मंग तिनं लावली न्हाई.

येताना ग्यानबाच्या घरावरून तिनं मान खाली घालून वाट धरली. कासाबाई म्हणली, "चहा घ्या की." माय थांबली न्हाई. गाडीत ती बायांच्या बाकावर बसली. माझ्या शेजारी जागा होती.

घरी आलो तवा दिवे लागले होते. बाबा उंबऱ्यातच बसून होते.

"जमली का गं वाट?"

मायनं पिशवी खुंटीला अडकवली.

"लय अवघड हाय," ती म्हणली. "सूर्या खरं सांगत होता. कडा हाय. मधात कुणी राहत न्हाई."

"मंग तू कशी गेलीस?"

"गेले."

बाबांनी गुडघ्यावर हात फिरवला. "बरं झालं मी आलो न्हाई," म्हणले.

मायनं तांब्या घेतला आणि पाय धुवायला दारात उभी राहिली. मी कंदील धरला. पायाला धूळ होती तेवढी. एक ओरखडा न्हाई. बाबा बघायलेत का, मी बघितलं. ते पायाकडंच बघायलेते.

माय म्हणली, "कंदील ने तिकडं."