न फिरवलेली ताटली

माझ्या काठाची निळी रेघ तीन ठिकाणी उडाली आहे आणि बुडाला एक पोचा आहे. मित्रांनो, मी एक जुनी इनॅमलची ताटली आहे. भट्टीतून बाहेर काढलं तेव्हा माझं तोंड वर होतं आणि ते आजही वरच असतं. त्यामुळे मला माणसांचे चेहरे खालून दिसतात आणि फार प्रश्न पडतात.

आमच्या बेटावरच्या चॅपलशेजारी क्रिसांता बाईंची बालवाडी आहे. तिथे मी सोळा वर्षं काढली. स्वयंपाक करणाऱ्या मानांग ओसांग रोज दुपारी शेवग्याचा पाला घालून तांदळाची पेज करतात. पेज वाढली की बाई डोळे मिटून म्हणतात, "देवा, आमची काळजी तुला." मुलंही म्हणतात, पण एक डोळा पेजेवर ठेवून. देवाला हे चालत असेल का, याचं मला भारी कुतूहल.

नव्या ताटल्या आल्या आणि मी ढिगाच्या तळाशी गेले. वाईट वाटलं. पाच वर्षांच्या नेनिंगने मात्र मला हुडकून काढलं. पोच्यात पेज जास्त मावते, असं तिचं म्हणणं होतं.

एका दुपारी जेवता जेवता छोटा बिबॉय तापाने फणफणला आणि आकडी येऊन कलंडला. डॉक्टर खाडीपलीकडच्या गावात. वारा सुटला होता, तरी बाई अर्ध्या जेवणावरून उठल्या आणि त्याला कवेत घेऊन होडीकडे धावल्या.

आमच्याकडे जेवणातून कुणी उठून प्रवासाला निघालं, की बाकीच्यांनी आपापली ताटली एक फेरा फिरवायची. मग जाणारा सुखरूप परततो, असं सगळे मानतात. मुलांनी भराभर ताटल्या फिरवल्या. नेनिंग तेवढी राहिली. ती मला घेऊन आणखी पेज मागायला चुलीपाशी उभी होती. तिला आठवलं तोवर होडी ठिपक्याएवढी झाली होती.

तिने मला जमिनीवर ठेवलं आणि फिरवायला लागली. ऊन उतरलं तरी बाईंचा पत्ता नव्हता.

"अगं ए, आण ती ताटली इकडे," मानांग ओरडल्या. "माश्या बसल्यात तिच्यावर."

"नाही देणार. माझी फिरवायची राहिलीय."

"किती फिरवशील? भोवरा आहे का तो?"

नेनिंगने मला घट्ट धरलं आणि घरी नेलं. सकाळी उजाडताच आम्ही दोघी किनाऱ्यावर होतो. ती मला वाळूतही फिरवत राहिली. मला तिची फार दया आली, पण ताटली काय बोलणार?

अखेर होडी लागली. बाईंच्या कडेवर बिबॉय बिस्किट चघळत होता. नेनिंग धावली. आमच्याकडे मोठ्यांचा हात कपाळाला लावून नमस्कार करतात, तोही विसरली.

"बाई, मी ताटली वेळेवर फिरवलीच नव्हती! कालपासून फिरवतेय. तुम्हाला काही झालं असतं तर माझ्यामुळे झालं असतं."

बाई तिथेच वाळूत बसल्या.

"मध्येच इंजिन बंद पडलं गं. मी जाम घाबरले. रोज तुम्हाला प्रार्थना शिकवते, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. हा मात्र माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपला. कुठे नेताय, एकदाही विचारलं नाही. म्हटलं, याला माझा एवढा भरवसा, मग मी कुणाच्या मांडीवर डोकं टाकू? तेव्हा कुठे मला देव आठवला."

"मग इंजिन सुरू झालं?"

"छे! नावाड्यांनी वल्ही मारत नेलं. हात सोलले त्यांचे."

नेनिंग विचारात पडली. "देवाची मांडी केवढी असते?"

"होडीसकट मावलो आम्ही."

"आणि मी?"

"तू तर कालपासून तिथेच बसलीयस, ताटली फिरवत."

नेनिंगने माझ्याकडे पाहिलं. मग चॅपलकडे जाऊन मला मानांगच्या हातात दिलं. "घ्या. धुवा आता."

वाळलेली पेज राखेने बराच वेळ घासावी लागली. मित्रांनो, घरातली जुनी भांडी वेळच्या वेळी धुवा, त्यांना तळाशी टाकू नका. आणि कुणाची काळजी वाटली तर खुशाल ताटली फिरवा. फक्त हात दुखायला लागले की थांबा. पुढचं बघणारा आहे.