निवळलेलं पाणी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर एका रोग्याने काचेच्या रिकाम्या भांड्यात चूळ टाकली आणि ते पाणी तपकिरी झालं. भुकटीबाबांनी भांडं उंच धरलं. "हा तुमचा क्षय. डोळे भरून बघून घ्या, परत भेटणार नाही." मग चिमूटभर पांढरी भुकटी टाकून ढवळलं आणि पाणी नितळ झालं. भुकटी पोटात गेली की जंतू बोचकं आवरून निघतो, असं बाबा सांगत होते. लोक भान हरपून ऐकत होते.

साक्षीसाठी मला वर बोलावलं. मी शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवते. माझ्या धाकट्या भावाला क्षय झाला होता. चार महिन्यांत त्याचा खोकला थांबला, वजन पाच किलोंनी वाढलं. त्यातले शेवटचे दोन महिने मी त्याला भुकटी दिली होती. मी तेवढंच सांगितलं. दवाखान्यातल्या गोळ्या त्याने एक दिवसही चुकवल्या नव्हत्या, हे गिळून टाकलं. कुणी विचारलं कुठे, अशी मनाची समजूत घातली. टाळ्या पडल्या, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

त्या गर्दीत काजवाली होती. माझ्या शेजारच्या मशीनवर ती शर्टांची काजं करते. तिलाही क्षयच होता आणि गोळ्यांनी तिला फार मळमळायचं. दुसऱ्याच दिवशी तिने गोळ्या सोडल्या, भुकटी धरली. दोन महिन्यांनी काम करताना तिला खोकल्याची उबळ आली, आणि तोंडाला लावलेली चिंधी लाल झाली.

मीच तिला दवाखान्यात नेलं. गोळ्या का थांबवल्या, असं सिस्टरने विचारलं. "हिच्या भावाला भुकटीने गुण आला म्हणून," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

मी सिस्टरला सगळं खरं सांगून टाकलं. तरी पाणी कसं निवळतं, हेही विचारलं. माझं मन अजून बाबांची वकिली करत होतं.

सिस्टरने पेल्यात पाणी घेतलं आणि जखमेला लावायच्या आयोडीनचे चार थेंब टाकले. पाणी तपकिरी झालं. कपाटातली क जीवनसत्त्वाची गोळी कुटून तिने त्यात घातली. पाणी निवळलं.

"यात कुणी थुंकलेलं नाही," ती म्हणाली. "बाबांच्या भांड्याच्या तळाशी हे थेंब आधीच असतात."

मग भुकटी विष आहे का, असं मी विचारलं. विष नव्हे, हेच क जीवनसत्त्व असणार, ती म्हणाली. ज्याच्या अंगात जीवनसत्त्वं कमी आहेत, त्याला ती स्वतःही देते. "पण गोळ्यांच्या जोडीला, गोळ्यांच्या जागी नाही. जीवनसत्त्वं जंतू मारत नाहीत. तुमचा भाऊ गोळ्यांनी बरा झाला."

पुढच्या सभेत मी पुन्हा साक्षीला उभी राहिले. पिशवीतून पेला, आयोडीन आणि बाबांचीच भुकटी काढली आणि सगळ्यांसमोर पाणी निवळवून दाखवलं. भाऊ रोज गोळ्या घेत होता, हेही सांगितलं. माझी श्रद्धा आटली, असं बाबा म्हणाले. निम्मे लोक उठून गेले. उरलेल्यांनी बाबांना रिकामं भांडं दाखवायला सांगितलं. ते त्यांनी दाखवलं नाही.

गोळ्या मध्येच सोडल्याने काजवालीच्या जंतूंवर आता पहिल्या गोळ्या चालत नाहीत. नवा उपचार लांबलचक आहे. मी तिची माफी मागितली आणि नव्या गोळ्या घे म्हणाले.

"तुझं ऐकूनच सोडल्या होत्या," ती म्हणाली. "आता तूच घे म्हणतेस. घेईन. पण या वेळी अर्धं सांगू नकोस."

म्हणून हे पुरतं लिहिलं. कुणी बरं झालं, असं कानावर आलं तर तो आणखी काय घेत होता, ते आधी विचारा. आणि चालू असलेल्या गोळ्या माझ्यासारखीच्या शब्दावर सोडू नका.